प्रकरण सतरावे : सहावा खांदेकरी

गुरुवारी दुपारी दोन वाजेपर्यंत मार्लिसच्या यादीत पाच नावे होती आणि सहावे मिळत नव्हते. तिचे वडील सेल्मर हॉगस्टाड मंगळवारी पहाटे गेले, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, झोपेत. दफन शनिवारी अकरा वाजता ठरले होते.

यादी आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडली होती. तिच्या भोवती शेजारणींनी पाठवलेले ट्रे होते, प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टी आणि पट्टीवर मालकिणीचे नाव. सात ट्रे आले होते. पाचांत बटाटा आणि खिमा होता. दोनांत बटाटा, खिमा आणि वर चीज.

"मी आहे, ड्वाइट आहे, माझे दोन मुलगे आहेत, ड्वाइटचे दोन," मार्लिसचा भाऊ कर्टिस बोटांवर मोजत म्हणाला. "सहा झाले. दोघं तर कॉलेजात फुटबॉल खेळतात. घरात एवढी गर्दी असताना तू गावभर माणसं शोधत फिरतेस, मार्लिस."

"घरचा हात लागायचा नाही," व्हर्ना म्हणाली. ती सिंकपाशी पाठमोरी उभी होती. चौऱ्याऐंशी वर्षांची ती बाई दोन दिवसांत जेमतेम वीस वाक्ये बोलली होती, आणि त्यातली चार हीच होती.

"आई, हात कुणाचा का असेना. बाबांना काय कळणार आहे?"

"मला कळेल."

नॉर्डालमध्ये पहिला नॉर्वेजियन पुरला गेला तेव्हापासून मेलेल्याला गाव नेत असे आणि घरचे रिकाम्या हातांनी मागून चालत. अपवाद एकच होता. १९३६ साली नील्स ओव्हरबी गेला तेव्हा त्याने पाद्रीबाबांसकट सगळ्यांशी भांडण करून ठेवले होते. त्याची शवपेटी त्याच्या मुलांनी उचलली. ओव्हरबींचे घर कधीच पडले, पण 'घरच्यांनी नेलेला' हा शब्द गावात राहिला. कुणी फार ताठ वागू लागला की त्याला तो ऐकवला जाई.

"तुमच्या बाबांबद्दल हे गाव काय बोलतं ते मी चौतीस वर्षं ऐकतेय," व्हर्ना पुढे म्हणाली. "आणि त्यांनाही घरच्यांनीच नेलं, हे उरलेली वर्षं ऐकायचं नाही मला."

ड्वाइटने कॉफीचा कप खाली ठेवला. तो मिनियापोलिसहून आला होता आणि कालपासून आईच्या बाजूने होता. "ते शाळेचं अजून चालूच आहे का? बाबांनी मत दिलं नसतं तरी शाळा बंद झालीच असती. सतरा मुलं होती फक्त."

"चौदा," व्हर्ना म्हणाली. "त्यातली चार गेलनची."

शाळा समितीत दोन मते एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला पडली होती. अध्यक्ष म्हणून निर्णायक मत सेल्मरचे होते. त्यांनी नॉर्डालची शाळा बंद करून मुले अठरा मैलांवरच्या तालुक्याच्या गावी पाठवायच्या बाजूने हात वर केला. शाळेपाठोपाठ किराणा दुकान गेले, मग बँक, मग कॅफे. हमरस्त्यावरच्या पाटीवर लोकसंख्या चौसष्ट लिहिलेली होती. ती पाटी जुनी होती. मार्लिस सव्वीस वर्षे गावाची कारकून होती आणि खरा आकडा तिला झोपेतून उठवले तरी सांगता आला असता. एकतीस. मंगळवारपासून तीस.

त्या तिसांत पुरुष चौदा. सात जण जन्माने किंवा लग्नाने हॉगस्टाडांचे नातेवाईक, म्हणून बाद. राहिले सात. त्यातला एक ऑक्सिजनची नळी लावून बसलेला. पाच जणांनी होकार दिला होता. त्यांत सर्वांत मोठा धान्याच्या गोदामावरचा आर्डन क्व्हाले, एकाहत्तर वर्षांचा. सातवा गेलन स्टेनबर्ग. शाळा बंद झाली तेव्हा तो शाळेचा शिपाई होता. त्या मतदानाच्या रात्रीपासून तो सेल्मरशी बोलला नव्हता.

"पेटी चाकांच्या गाडीवर नेली तर?" ड्वाइटने विचारले. "मग पाच पुरतील."

"एप्रिलमध्ये?" कर्टिस म्हणाला. "दफनभूमीच्या टेकडीवर घोट्याएवढा चिखल आहे. काल ट्रॅक्टर फसला तिथे. फाटकापासून वर दोनशे पावलं हातांनीच न्यायला लागेल. म्हणून म्हणतो, तरणी पोरं घ्या."

"तालुक्याहून कुणाला बोलावलं तर?"

"ते पाहुणे म्हणून येतील," व्हर्ना म्हणाली. "शेजारी म्हणून नाही."

ड्वाइटने कागद ओढून पाच नावे वाचली. मग म्हणाला, "आई, मला वाटतं कर्टिसचं बरोबर आहे."

व्हर्नाने नळ बंद केला. तिने धाकट्या मुलाकडे पाहिले, मग मोठ्याकडे. आणि दोघांनाही सोडून मार्लिसकडे.

"गेलनला विचारलंस?"

"नाही."

"मग यादी पुरी झाली नाही."

मार्लिसने कोट घातला.

गेलन गॅरेजचे दार वर करून आत खुर्ची टाकून बसला होता. बर्फ वितळले की नॉर्डालमधले म्हातारे असेच बसत. रस्त्यावरून दिवसाला चार गाड्या गेल्या तरी त्या बघायला माणूस हवा. त्याच्या मागे भिंतीला टेकवून पिवळसर फळ्यांची चळत होती. समोर, रस्त्यापलीकडे, विटांची जुनी शाळा. दूध डेअरीच्या मालकाने ती तीन वर्षांपूर्वी घेतली होती.

"सेल्मर गेला म्हणे," गेलन म्हणाला.

"हो. मंगळवारी."

"तू कशासाठी आलीस तेही ऐकलं. पोस्टात बोलणं चाललं होतं." त्याने दुसरी खुर्ची पायाने पुढे सरकवली. "मी उचलणार नाही."

मार्लिस बसली नाही. "तब्येतीमुळे म्हणून सांगू का आईला?"

"तब्येत ठणठणीत आहे. एकोणऐंशीचा आहे, पण सकाळीच त्या शाळेच्या बॉयलरचं झाकण एकट्याने काढलं. मी सेल्मरला उचलणार नाही. व्हर्नाला असंच सांग. तिला गोड लावून सांगितलेलं आवडत नाही."

"बरं."

ती वळली.

"किती झालेत?" त्याने विचारले.

"पाच."

"आणि गावात माणसं किती?"

"तीस."

"कुणी मोजली?"

"मी मोजली. कोण मोजणार दुसरं?"

"कशावरून मोजतेस?"

दर जानेवारीला ती चर्चची सभासदांची वही घेई, गेलेल्यांवर रेघ मारी, आणि चर्चला न येणाऱ्या दोन कॅथलिक घरांची नावे खाली लिही. तिच्या आधीच्या कारकुनाने असेच केले होते आणि त्याच्या आधीच्याने. तिने तसे सांगितले.

"शाळा मोजलीस?" गेलन म्हणाला.

"शाळेत कोण आहे?"

गेलनने तिच्याकडे पाहिले. पूर्वी फळा पुसायला विसरलेल्या मुलांकडे तो असाच बघत असे. "अकरा माणसं आहेत. तीन वर्षं राहतात. बॉयलर अजून मीच बघतो, म्हणून मला माहीत. नाहीतर मीही तुझ्यासारखाच तीस म्हणालो असतो."

"ती डेअरीची माणसं आहेत, गेलन. ग्वाटेमालाहून आलेली."

"आर्डन गोदामावर काम करतो. त्याला गोदामाचा माणूस म्हणतेस का?"

तिने रस्त्यापलीकडच्या विटांकडे पाहिले.

"मुद्दा शेजाऱ्याचा आहे ना? मग ऐक. तुझा बाप रोज सकाळी सातला तालुक्याला कॉफीला जायचा. समोरून डेअरीची गाडी आली की नमस्कार म्हणून स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचा. रोज. मी इथे बसून बघितलंय. गाडीतली पोरं पण उचलायची. माझी गाडी आली की दोन्ही हात घट्ट. चौतीस वर्षं."

"तुम्ही उचलायचात का?"

"मी कशाला उचलू?" गेलन म्हणाला. "जा आता. त्यांची दुपारची पाळी साडेतीनला असते. मकारियोला विचार. दोन नंबरचा वर्ग."

दोन नंबरच्या वर्गाच्या दारावर इयत्ता तिसरीची पाटी तशीच होती. आत तीन खाटा, एक शेगडी, आणि फळ्यावर खडूने लिहिलेले पाळ्यांचे वेळापत्रक. मकारियो त्सोक रबरी बूट चढवत होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा. त्याच्या पायाशी तांबडा कुत्रा झोपला होता. मार्लिसने आपले नाव सांगितले.

"मला माहीत आहे, बाई," मकारियो म्हणाला. "तुमचं पत्र येतं दरवर्षी. ह्याच्या परवान्याचं." त्याने बुटाच्या टोकाने कुत्र्याला हलवले. "कनेलो. तुमच्या यादीत नाव आहे त्याचं."

ते खरे होते. गावात परवानाधारक कुत्री नऊ, आणि सातव्या ओळीत कनेलो, रंग तांबडा, पत्ता जुनी शाळा. ती ओळ मार्लिसने स्वतः लिहिली होती. तिला कानांपर्यंत गरम झाल्यासारखे वाटले. पण ती ज्या कामाला आली होती ते आधी करायचे होते, म्हणून तिने ते केले.

मकारियोने सगळे ऐकून घेतले. "निळी गाडी. एक बोट," तो म्हणाला आणि आपले बोट वर करून दाखवले. "तो म्हातारा?"

"तेच. माझे वडील."

"लांब किती न्यायचं?"

"फाटकापासून दोनशे पावलं. चढ आहे. चिखल आहे."

"आणि बदली कोण?"

"बदली कसली?"

"आमच्या गावी डोंगर आहे. सहा माणसं उचलतात, बाकीची मागून चालतात. एक दमला की मागचा पुढे येतो. पेटी थांबत नाही." त्याने तिच्याकडे जरा काळजीने पाहिले. "तुमच्याकडे सहाच? मग दमला तर?"

"आमच्याकडे अजून कुणी दमलं नाही," मार्लिस म्हणाली. तिचे तिलाच ते मूर्खपणाचे वाटले. आर्डन क्व्हाले चर्चच्या सहा पायऱ्या दोनदा थांबून चढत असे.

"शनिवारी अकरा," मकारियो म्हणाला. "तेव्हा दोघं गायींजवळ लागतील. नऊ जण येतो."

ही बातमी घरी पोचल्यावर कर्टिसने खुर्ची मागे सारली.

"म्हणजे बाबांचे सख्खे नातू हात बांधून मागून चालणार, आणि आपण ज्याचं नावही कालपर्यंत ऐकलं नव्हतं तो पुढे?"

"नातवांनी मागूनच चालायचं असतं," मार्लिस म्हणाली. "ते आज ठरलेलं नाही."

"ती माणसं पुढच्या वर्षी इथे असतील की नाही, देव जाणे."

"पुढच्या वर्षी आपण तरी किती असू? तुझा मोठा फार्गोला नोकरी बघतोय ना?"

कर्टिसने ड्वाइटकडे पाहिले. दुपारपासून ड्वाइट त्याच्या बाजूला होता. पण ड्वाइट कपातल्या कॉफीकडे बघत होता आणि त्याला हसू आवरत नव्हते.

"तिने कुत्रा नोंदवला," तो म्हणाला. "कुत्रा नोंदवला आणि अकरा माणसं सोडली."

"हस," मार्लिस म्हणाली. "पोटभर हस. उद्या गावाच्या मंडळाच्या सभेत मला हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं आहे."

"गेलन काय म्हणाला?" व्हर्नाने विचारले. ती टेबलाशी येऊन बसली होती.

"म्हणाला, उचलणार नाही. तब्येत चांगली आहे, पण उचलणार नाही. आणि तुला असंच सांगायला सांगितलं."

व्हर्नाने मान हलवली. जणू बाजारभाव ऐकला. "आणि तुमचे बाबा त्या माणसांना बोट उचलायचे, हेही त्यानेच सांगितलं?"

"हो."

"मग ते खरं असणार. तुमच्या बाबांबद्दल बरं बोलायची त्याला सवय नाही." तिने यादी जवळ ओढली, पेन्सिल घेतली आणि मार्लिसकडे सरकवली. "लिही. आडनाव नीट विचारून लिही. पाद्रीबाबांना मोठ्याने वाचायचं आहे."

कर्टिस आणखी काही बोलणार होता. व्हर्नाने एक ट्रे उघडून त्याच्यापुढे ठेवला.

शनिवारी आकाश स्वच्छ होते आणि वारा पश्चिमेचा होता. शववाहिका टेकडीच्या फाटकाशी थांबली. पाद्रीबाबांनी चर्चच्या कपाटातून आणलेले पांढऱ्या सुती हातमोज्यांचे सहा जोड वाटले. सहाव्या जोडात मकारियोचे हात मावेनात. त्याने ते अर्धेच चढवले. त्याची आठ माणसे धुतलेल्या शर्टांत, टोप्या हातात धरून, घरच्यांच्याही मागे उभी राहिली. ती तिथे का आहेत ते मार्लिसने आदल्या दिवशी पाद्रीबाबांना सांगितले होते. पाद्रीबाबांनी त्यांना हात करून पेटीच्या लगेच मागे घेतले. त्यामुळे हॉगस्टाड मंडळी आणखी दहा फूट मागे गेली. कर्टिसचा जबडा घट्ट झाला, पण तो सरकला.

पहिली पन्नास पावले बरी गेली. मग वाट डावीकडे वळत होती आणि तिथेच ट्रॅक्टर फसला होता. मार्लिसने रात्रभर त्याच जागेचा विचार केला होता. वळणावर आल्यावर तिला दिसले की चिखल दिसतच नाही. त्यावर फळ्या टाकलेल्या होत्या, एकीला एक लावून, दोन माणसे शेजारी शेजारी चालतील इतक्या रुंदीत. पिवळसर मेपलच्या, वॉर्निश घासलेल्या. तिसऱ्या आणि चौथ्या फळीवर लाल रंगाचा तुटका कंस होता.

"हे काय आहे?" ड्वाइट पुटपुटला.

"शाळेच्या व्यायामशाळेची जमीन," कर्टिस म्हणाला. शाळेत असताना तो त्या कंसाच्या टोकावरून चार वर्षे बास्केटमध्ये चेंडू टाकत असे. डेअरीच्या मालकाने ती जमीन उखडली तेव्हा फळ्या कुणी नेल्या, हे गावात सगळ्यांना माहीत होते.

सहाही जण फळ्यांवरून गेले. कुणाचा पाय रुतला नाही. हा उपकार होता की टोमणा, यावर पुढे गावात दोन मते पडली. व्हर्नाने कुठलेच दिले नाही. तिने फक्त वरून जाताना लाल कंसावर पाय पडू दिला नाही.

फळ्या संपल्यावर चढ उभा होता. एकशे विसाव्या पावलाच्या सुमाराला आर्डन क्व्हालेचा श्वास मागच्यांना ऐकू येऊ लागला. त्याचा चेहरा बिटासारखा झाला. पेटीचा तो कोपरा खाली जाऊ लागला तसा मागून एक बुटका माणूस पुढे आला, आर्डनच्या हाताशेजारी हात घातला आणि म्हणाला, "सोड." आर्डनने सोडले. पेटी थांबली नाही. आर्डन बाजूला उभा राहून हातमोजे काढत होता. काय करावे ते न सुचून त्याने ते मागच्या माणसाच्या हाती दिले. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूलाही तसेच झाले. माथ्यावर पोचेपर्यंत सहांतले तीन जण शाळेतले होते, आणि खाली उतरताना दोन म्हाताऱ्यांना त्यांनीच दंडाला धरले.

व्हर्ना पेटीकडे बघत नव्हती. ती ओळीकडे बघत होती. खालच्या फाटकापासून माथ्यापर्यंत पसरलेल्या माणसांकडे.

"बरंच गाव आलं," ती म्हणाली.

"हो, आई," मार्लिस म्हणाली.

चर्चच्या तळघरात पहिले टेबल खांदेकऱ्यांचे असते. त्या दिवशी ते पुरेना. शेजारी दुसरे जोडावे लागले. हॅमचे पाव, लोणच्याच्या काकड्या, पातळ कॉफी, सात प्रकारचे गोड तुकडे. व्हर्नाने प्रत्येकाशी हस्तांदोलन केले, ती निघून जाईपर्यंत त्यांना काय करावे ते कळेना म्हणून ते उभेच राहिले. जेवण आटोपत आले तशी ती मुलांच्या टेबलाशी आली.

"त्या फळ्या धुऊन परत देऊन या. आजच."

"सोमवारी नेतो की," कर्टिस म्हणाला.

"दुसऱ्याची वस्तू रविवार ओलांडून घरात ठेवायची नसते. आणि ड्वाइटलाही ने. शहरात हात मऊ झालेत त्याचे."

अग्निशमन गाडीच्या शेडमागे नळ होता. दोघा भावांनी काळ्या पँटी दुमडून फळ्या धुतल्या, मार्लिसने पुसल्या. चार वाजता कर्टिसचा ट्रक गेलनच्या गॅरेजसमोर थांबला. गेलन त्याच खुर्चीत बसला होता. त्याने फळ्या उतरवू दिल्या आणि प्रत्येक फळी भिंतीला लागली तशी मोजली.

"तेरा," तो म्हणाला. "मी चौदा टाकल्या होत्या."

"एक रुतून बसलीय," कर्टिस म्हणाला. "ओढली असती तर मोडली असती. जमीन वाळली की काढून आणतो."

"राहू दे तिथेच. आता मलाच लागायचीय."

गेलनने रस्त्यापलीकडे पाहिले. शाळेच्या पायरीवर कनेलो उन्हात पडला होता.

"मकारियोला विचारून ठेवलंय," तो म्हणाला. "तो आणि आणखी तिघं. चौघांची उंची सारखी आहे, पेटी कलायची नाही." मग त्याने कर्टिसकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. चौतीस वर्षांत तो हॉगस्टाडांच्या पुरुषाकडे पहिल्यांदाच असा सरळ बघत होता. "तुमचं माझं काही नातं लागत नाही ना? तुझ्या आजीकडून वगैरे?"

"नाही," कर्टिस म्हणाला.

"पाठ कशी आहे तुझी?"

कर्टिसने ओल्या पँटीला हात पुसले. "बरी आहे."

"मीही येईन," ड्वाइट म्हणाला.

"तू गावात राहत नाहीस." गेलनने त्याला तिथेच संपवले आणि मार्लिसकडे वळला. "पाच झाले. सहावा तू बघ. यादी तुझ्याकडे असते." तो खुर्चीत नीट मागे टेकला. "घाई नाही."